वेशीत अडलेले पाय

सोनाजी वेशीत थांबला तो थांबलाच. समोर, वर आंब्याच्या पानांचे तोरण, हातात कासरे आणि पाय जमिनीला खिळलेले. झुली घातलेले त्याचे बैल मान वळवून मालकाकडे पाहत होते. त्यांना पुढे जायचे होते. सगळ्या गावालाच पुढे जायचे होते, कारण घराघरात पुरणपोळ्या निवत होत्या.

निजामाच्या अमलातली ही गोष्ट. कळमनुरीकडच्या त्या गावात पोळ्याला सोनाजीच्या घरची जोडी पहिली निघायची, आजा-पणज्यापासून. नेम एकच होता. मानकऱ्याने स्वतः कासरा धरून, दिवस मावळायच्या आत, सगळ्यांच्या आधी तोरणाखालून जायचे. त्यात चुकला तर मान मागच्या जोडीला, आणि तोही कायमचा. मागची जोडी तातेरावाची, म्हणजे सोनाजीच्या चुलतभावाची. त्याने यंदा शिंगांना जरा जास्तच बेगड लावली होती, ती काही उगाच नव्हे.

सोनाजीला दुखणे लागून तिसरे वर्ष चालले होते. हात नुसता मांडीवर पडला असला तरी अंगठा बोटावर फिरत राहायचा, तंबाखू मळल्यासारखा. लोक थट्टेने चिमूटभर मागायचे. मग चाल आखडली. आवाज इतका बसला की शेजारच्यालाही कान द्यावा लागे. चेहऱ्यावरचे हसू गेले आणि रागही गेला. काही विचारले तर उत्तर यायला एवढा वेळ लागे, की विचारणारा उठून दुसऱ्या कामाला लागायचा. औंढ्याच्या वैद्याने कंपवात सांगितला. गावाने वैद्याचे ऐकले नाही. सोनाजीचे डोके गेले, असे ठरवून टाकले.

त्याची बायको जिवनबाई वेशीलगतच्या माळवदावर बायकांत उभी होती. ऊन बाभळींच्या शेंड्यांवर गेलेले तिला दिसत होते. इतक्यात तातेराव पुढे आला आणि मोठ्याने, पण समजुतीच्या सुरात म्हणाला, "दादा, सर बाजूला. बिमारी हाय, तिच्यात शरम कायची?" शब्द गोडच होते. म्हणून तर जिवनबाईच्या अंगाचा तिळपापड झाला.

ती नवऱ्याच्या पायांकडे पाहू लागली. टाचा उचलत होत्या, चवडे सुटत नव्हते. घरच्या अंगणातही असेच व्हायचे. पण चैत्रात नांगरट चालली असताना ती भाकर घेऊन रानात गेली, तेव्हा हाच माणूस नांगरलेल्या वावरातून आडवा, नांगराने पडलेला एकेक तास ओलांडत, तरण्या गड्यासारखा तिच्याकडे चालत आला होता. आणि सपाट बांधावर आला तसा पुन्हा थिजला होता. नागनाथाने क्षणभर कृपा केली असे म्हणून तिने तेव्हा हात जोडले होते. आता तिच्या लख्ख ध्यानात आले. पायापुढे ओलांडायला काही दिसले की याचा पाय उचलतो. याला अडवते ती सपाट जमीन.

ती भराभर शिडी उतरली, पदर खोचला आणि पुरुषांच्या गर्दीत शिरली. हरिचंद पाटलांच्या हातातली काठी तिने मागितली नाही, घेतली. ओल्या काळ्या मातीत सोनाजीच्या पायापुढे तिने आडवी रेघ ओढली. एक पाऊल मागे सरकून दुसरी, मग तिसरी.

"रान हाय समजा," ती म्हणाली. "तास वलांडा."

सोनाजीने रेघेकडे पाहिले. पाय उचलला आणि पलीकडे पडला. मग दुसरा. ती मागे मागे सरकत रेघा ओढत राहिली, तो ओलांडत राहिला आणि बैल त्याच्यामागून आले. बाराव्या रेघेला सगळे वेशीबाहेर होते आणि ऊन अजून शेंड्यांवरच होते. हलगीवाल्या पेमाने टिपरी मारली.

तातेरावाने हात वर करून हलगी थांबवली. "पाटील, तोरणाखालून आधी वयनी गेली," तो म्हणाला. "दादा म्हागं पडला. नेम तो नेम."

ते खरेच होते. जिवनबाई नवऱ्याचा मान वाचवायला धावली आणि स्वतःच्याच पायांनी तो घालवून बसली. हरिचंद पाटलांनी दाढी खाजवली. असले काही त्यांच्या हयातीत घडले नव्हते. शेवटी, सोनाजीला काय म्हणायचे ते ऐकून निकाल देतो, असे ते म्हणाले. त्याला कशाला विचारता, त्याचे डोके चालत असते तर पाय चालले नसते का, असे म्हणून तातेराव हसला. आणखी चारजण हसले.

सोनाजीचा चेहरा कोराच होता. एरवी त्याचे अडलेले वाक्य जिवनबाईच पुरे करायची, पण आज तिच्याजवळही वाक्य नव्हते. सगळे वाट पाहत राहिले. पाटील निकाल द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात सोनाजीचे ओठ हलले. आवाज इतका बारीक होता, की ऐकण्यासाठी सगळ्या गावाला गप्प व्हावे लागले.

"नांगराच्या म्हागं चालणाऱ्याला... कुणी म्हागं पडला म्हणतं व्हय, तातेराव?"

तातेराव स्वतः जन्मभर नांगरामागे चाललेला माणूस. त्याने आपल्या बैलांचा कासरा उचलला आणि जोडी गुमान सोनाजीच्या मागे आणून लावली.