पंचेचाळिसाव्या दिवसाची पुडी

तुम्हीच दिलीत ती पुडी, वैद्यबुवा, आता हात वर करू नका. "दिवस गेल्यापासून पंचेचाळिसाव्या दिवशी, उगवतीकडे तोंड करून, गोऱ्हा झालेल्या गाईच्या दुधातून घ्यायची. दोन पोरींवर मुलगाच होईल," असं तुम्ही सासूबाईंना सांगितलंत. मला कुणी विचारलं नाही, मी प्याले.

काल पाचव्या महिन्याची सोनोग्राफी झाली. डॉक्टरीणबाई हसत बोलत होत्या. मग त्यांचा हात एका जागी थांबला, पुढे गेला, परत तिथंच आला. "दुसऱ्या महिन्यात कसलं औषध घेतलं होतंस?" त्यांनी विचारलं. सासूबाई पिशवीचा बंद चाळवत बसल्या.

बाई म्हणाल्या, मुलगा की मुलगी ते पहिल्याच दिवशी ठरतं, कुठल्याच पुडीनं बदलत नाही. पण त्या दिवसांत काळजाचे कप्पे पडत असतात, बोटांचे कोंब फुटत असतात. माझ्या बाळाच्या काळजात मधली भिंत उभीच राहिली नाही.

आज तुमच्या ओसरीवर कुणाची तरी नवी सून बसलीय, मांडीवर दुधाची कासंडी घेऊन. ती प्यायच्या आधी, तिच्यादेखत सांगा, माझ्या पुडीत काय होतं?