नाकाचा ठसा

लोखंडी गजाचा पहिलाच फटका धाकट्या भावाच्या जबड्यावर बसला. दोन दात गोठ्यातल्या भुशात पडले, तरी केन्सुकेचा हात थांबेना. घरच्या काळ्या वळूच्या गोठवलेल्या वीर्याच्या कांड्या तात्सुओनं चोरून ऑस्ट्रेलियाला धाडल्या होत्या.

"दादा, जगभर वाढेल आपली जात!" तोंडातलं रक्त थुंकत तात्सुओ ओरडला.

"आपली?" केन्सुकेनं त्याला लाथ घालून बाहेर लोटलं. त्यांच्या जपानी डोंगरगावात वासराच्या नाकाला शाई लावून त्याचा ठसा वहीत उमटवायचे. तेव्हाच ते वासरू घरचं होई. "ज्याचा ठसा माझ्या वहीत नाही, ते जनावर माझं नाही. आणि तूही माझा कुणी नाहीस!"

सात वर्षांनी लाळ्या-खुरकताची साथ आली आणि गावातलं एकूण एक जनावर मारायचा सरकारी हुकूम निघाला. गोठ्यातल्या बेचाळीस जनावरांच्या माना केन्सुकेनं स्वतः धरल्या. सुई टोचली, की जनावर पाय झाडत कोसळे आणि यंत्र त्याला खड्ड्यात लोटी. शेवटी तोच काळा वळू उरला, आता म्हातारा झालेला. सुई घुसली तरी तो केन्सुकेचं मनगट चाटतच राहिला.

तिसऱ्या दिवशी ऑस्ट्रेलियातून फोन आला. तात्सुओच होता. "दादा, कळलं मला." मोडक्या जबड्यातून त्याचे शब्द अजूनही घरंगळत येत होते. "इथं आपल्या वळूची तीनशे वासरं आहेत."

केन्सुकेनं वही ओढली आणि कोरं पान उघडलं.

"शाई मिळते का तिकडं?"