घरचा खिळा

सुताराने बारा वर्षं लोकांच्या घरांत लाकडी जमिनी ठोकल्या आणि बायकोला उघड्या सिमेंटवर नांदवलं. खिळे ठोकायच्या मशीनचं रोजचं तेलपाणी तिच्याच गळ्यात. आज तिची सटकली. तिने उरलेल्या फळ्या मांडल्या, मशीन फळीच्या कडेवर टेकवलं आणि खिळा बसवायला त्याच्या दट्ट्यावर हातोडा हाणला. नवरा ताट सोडून धावला. “अगं, फळी सरकतेय! तिच्यावर उभं राहावं लागतं.” “मग राहा की उभे! बारा वर्षं ‘उद्या’ म्हणताय.” तो राहिला. तिने धडाधड खिळे हाणले. तेवढ्यात गिऱ्हाइकाचा फोन. “आलोच साहेब,” म्हणत तो पळायला वळला आणि तोंडावर आपटला. पँटची मोहरी फळीला ठोकलेली होती. “उपट हा खिळा!” “याला काटे असतात, बसला की निघत नाही, असं तुम्हीच सांगता ना?” तिने मशीन पुढच्या फळीला लावलं. “पँट सोडा आणि इथे उभे राहा.”