गाणं म्हणता येईल इतकंच

“संध्याकाळचं धावणं निवांत असावं, पोरी. धावता धावता गाणं म्हणता आलं पाहिजे.” शाळेतल्या सरांचा आवाज वीस वर्षांनीही तिच्या कानात होता, तरी कालव्याच्या रस्त्यावरून ती नवऱ्याला मागं टाकत सुटली होती.

“अगं, मागं कुत्रं लागलंय का?” तो धापा टाकत हसला. “उद्या दवाखान्यात चौथ्या खेपेचे उपचार सुरू व्हायचेत. या खेपेला दिवस राहणारच, डॉक्टरीणबाई म्हणाल्यात. जरा जपून!”

तिनं वेग वाढवला. दम लागला की बोलावं लागत नाही. मागच्या खेपेच्या सुयांचे डाग पोटावर अजून हिरवे होते. पण ती खेप वाया गेली तेव्हा तो न्हाणीघरात नळ सोडून रडला होता, आणि तिचं वाक्य ओठांतच राहिलं होतं.

पुलापाशी त्यानं तिला गाठलं. “तूच नियम शिकवलास ना मला? मग गा बघू एक ओळ.”

ती हळू झाली, त्याच्या पावलात पाऊल पडेपर्यंत. श्वास खाली बसला. गाणं मात्र आलं नाही.

“मला आता सुया नकोत रे,” ती म्हणाली. “उद्या नको जाऊया. आपण दोघंच पुरे.”