हौशीरामचा फोटो

"परत तेच," आसावरी म्हणाली. काळ्या पडद्यावर एक पांढरी ओळ येऊन थांबली होती. मशीनला सुरू व्हायला कुठेच काही सापडत नव्हतं.

चाँदभाईंनी चष्मा पुसला आणि पडद्याकडे बघितलं. "परवा वीज गेली होती. त्याचंच काहीतरी असणार."

वडगावात वीज काय, रोजच जायची. आसावरीने वाद घातला नाही. तिचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान स्टेशनजवळ होतं आणि चाँदभाईंच्या घरी ती महिन्यात तिसऱ्यांदा आली होती. बुटाच्या खोक्याएवढं मशीन आपल्याला असं खेळवतंय याची तिला आता लाज वाटू लागली होती.

त्या खोक्यात चाँदभाईंची चाळीस वर्षं होती. स्टुडिओ बंद करताना त्यांनी मावळातल्या लग्नांचे, साखरपुड्यांचे, बारशांचे सगळे फोटो त्यात भरून ठेवले होते. आतल्या डिस्क धडधाकट होत्या. पण मशीन सुरू व्हायचं ते मागे खोचलेल्या बोटभर पेनड्राइव्हवरून. तो त्याला दिसला नाही की सगळं ठप्प.

आणि त्यापायी जीव टांगणीला लागला होता तो औंढ्याच्या बयाबाईंचा.

त्यांचा मुलगा हौशीराम गेल्या वर्षी अपघातात गेला. मोबाइलचाही चुरा झाला. घरात राहिला तो आधार कार्डावरचा फोटो, आणि त्यात हौशीराम कुणी पकडून आणल्यासारखा दिसायचा. बयाबाईंना हसरा मुलगा हवा होता. दहा वर्षं तो चाँदभाईंच्या हाताखाली लग्नांना हिंडला, म्हणजे कुठल्यातरी फोटोत सापडणारच, असा त्यांचा सरळ हिशेब होता. भिंतीवर खिळा ठोकूनही त्यांना दोन महिने झाले होते.

पहिल्या खेपेला आसावरीने पेनड्राइव्ह पुढच्या पोर्टमधून काढून मागच्या पोर्टमध्ये घातला. मशीन सुरू झालं. "बयाबाई बाजारला येतील तेव्हा त्यांच्यासमोरच शोधू," चाँदभाई म्हणाले होते. बयाबाई येईपर्यंत मशीन परत बंद. दुसऱ्या खेपेला सेटिंगमध्ये पेनड्राइव्हचं नाव यादीच्या तळाशी गेलेलं सापडलं. घड्याळ आणि सेटिंग लक्षात ठेवणारा बोर्डवरचा सेल उतरला असेल म्हणून तिने तो बदलला. तेव्हाही बयाबाई येईपर्यंत तीच गत झाली. म्हणून आज ती मुद्दाम बाजारच्याच दिवशी आली होती.

तिने कीबोर्ड जोडला आणि बटणावर बोट नेलं.

"डिलीट दाब, बेटा. एफ-टूने नाही उघडत सेटिंग," चाँदभाई म्हणाले.

"तुम्हाला बरं माहीत, चाचा."

"तूच मागच्या वेळी दाबलं होतंस ना."

तिला आठवेना. तिने डिलीट दाबलं. सेटिंगचं पान उघडलं आणि ती जरा घुटमळली. मशीनचं घड्याळ मिनिटाला मिनिट बरोबर होतं, म्हणजे नवा सेल ठणठणीत होता. बाकी सगळं जागच्या जागी होतं. फक्त पेनड्राइव्हवरून सुरू होण्याची परवानगी तेवढी बंद होती. वीज जाऊन इतकं नेमकं काही बिघडल्याचं तिने अजून पाहिलं नव्हतं.

तिने ती परत चालू केली आणि मशीन नव्याने सुरू केलं. पडद्यावर ओळींमागून ओळी पळाल्या, हिरवा दिवा लागला.

"झालं, चाचा."

"वा," चाँदभाई म्हणाले आणि पुन्हा चष्मा पुसायला लागले.

तेवढ्यात बाहेरून आवाज आला, "भाई, हायसा का घरात?"

बयाबाईंना गुडघ्यांमुळे पायऱ्या चढवत नसत. आसावरी धावत बाहेर गेली, त्यांच्या हातातली तांदळाची पिशवी घेतली आणि दुसऱ्या हाताने त्यांना आधार दिला.

"झालं का गं सुरू?" बयाबाईंनी विचारलं.

"झालं, मावशी. चला, बघू."

बयाबाई पायरीवरच थांबल्या. त्यांनी पदराने तोंड पुसलं, केस सारखे केले. मुलाला भेटायचं तर जरा नीट जावं, एवढंच.

आत आल्या तर पडदा काळा होता. वर तीच पांढरी ओळ. आसावरीने वाकून मशीनच्या मागे बघितलं. पोर्ट रिकामा होता. चाँदभाई खिडकीशी उभे होते आणि त्यांचा उजवा हात सदऱ्याच्या खिशात होता.

"बंद पडलं परत, बयाबाई," ते म्हणाले. "पुढच्या बाजारला नक्की."

आसावरीने तोंड उघडलं. पण चाँदभाईंनी तिच्याकडे असं काही बघितलं की तिने ते मिटलं.

बयाबाई मग खुर्चीवर टेकल्या. "असू द्या भाई. यंत्राला काय कळतंय? आत हाय न्हवं पोरगं माजं, मग मी लय दिस थांबंन."

"आहे ना," चाँदभाई म्हणाले.

चहा झाला. बयाबाईंनी तांदूळ ठेवून घ्यायला लावले आणि त्या हळूहळू पायऱ्या उतरून गेल्या. त्या वळणाआड दिसेनाशा झाल्यावर आसावरीचा राग बाहेर आला.

"खिशात काय आहे, चाचा? तीनही वेळा तुम्हीच केलंत ना हे? त्या बाईची थट्टा करताय?"

चाँदभाईंनी पेनड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला.

"तू पहिल्यांदा सुरू करून दिलंस ना, तेव्हाच मी बसलो होतो शोधायला. दोन दिवस लागले. एकूण एक फोटो पाहिला."

"मग?"

"हौशीराम लाइट धरायचा, बेटा. दहा वर्षं माझ्या मागेच उभा होता."