माहेरचे शंख

"आधी तपासणी, मग कालवण," असं म्हणत सौरभने बादलीवर परात झाकली आणि रुचिराला रडूच फुटलं.

तिला सातवा महिना लागला होता. डोहाळे कुणाला चिंचेचे लागतात, कुणाला आइस्क्रीमचे. हिला हवे होते माहेरच्या ओढ्यातले शंख! पाठीवर शंख घेऊन गोड्या पाण्यात फिरणाऱ्या त्या काळ्या गोगलगायी. आई खोबरं वाटून, त्रिफळ घालून त्यांचं कालवण करायची. मग अंगणात बसून शंखाच्या बुडाला तोंड लावायचं आणि सुर्रकन ओढायचं. लग्नानंतर दिंडोशीच्या घरात ते सुख कुठलं?

बाजारात शंख मिळत नव्हते असं नाही. पण नवरा सौरभ पडला अंधेरीच्या एका प्रयोगशाळेत खाण्याच्या वस्तू तपासणारा. तिथे मुंबईतल्या कुठल्याशा तलावातले शंख तपासायला आले आणि साहेबांनी घरी येऊन फर्मान काढलं, "शिसं आहे त्यात, कॅडमियम आहे. पोटातल्या बाळाच्या मेंदूवर जातं. इथला एकही शंख घरात नको." झालं! रुचिराने तडक कोकणात आईला फोन लावला.

जानकीबाई दुसऱ्याच दिवशी एसटीने हजर. एका हातात शंखांची बादली, दुसऱ्या हातात पाण्याचा कॅन. मुंबईच्या नळाच्या पाण्याने शंख बिघडतील, म्हणून त्या माउलीने शंखांसाठी ओढ्याचं पाणीसुद्धा गावाहून आणलं होतं. "याच पाण्यात ठेवायचे. पोटातली सगळी माती ओकून टाकतात. मग डोळे मिटून खायचे," त्या म्हणाल्या.

आणि अशा शंखांची जावई म्हणे तपासणी करणार! जानकीबाईंचा चेहरा उतरला. तळातला खडा न् खडा दिसतो असा आपला ओढा, त्याची परीक्षा? पण जावयापुढे बोलणार कोण? त्यांनी मुकाट्याने चांगले टपोरे शंख निवडून त्याला डब्यात भरून दिले.

निकाल येईपर्यंत रुचिराचा जीव बादलीतच अडकला होता. येता-जाता ती परात उचलून वास घ्यायची. ओल्या मातीचा, शेवाळाचा वास. त्या वासासरशी तिला घर आठवायचं, उंबरठ्यावर तांदूळ निवडत बसलेली आई आठवायची. आई तर इथेच होती, ओट्यापाशी खोबरं खवत होती. तरीही रुचिराला तिची इतकी आठवण यायची की डोळे भरून यायचे. अंगण काही इथे आणता येत नाही, निदान वाटीभर कालवण तरी मिळू दे, एवढंच तिचं मागणं होतं.

सौरभ आला तो भरदुपारी. बूटही काढले नाहीत.

"टाकून दे सगळे. तलावातल्यांपेक्षा वाईट निघाले."

"काहीतरीच काय रे! गावचे आहेत ते."

"गावाच्या वरच्या अंगाला कारखाने झालेत ना? तिथून उतरत असणार. शिसं काय डोळ्यांना दिसतं? शंख तळ खरवडत फिरतो आणि सगळं अंगात साठवतो. ते उकळून जात नाही. माती ओकली तरी जात नाही."

रुचिराने चटकन पोटावर हात ठेवला. बरं झालं, एकही तोंडात घातला नाही! सौरभने खुर्चीत अंग टाकलं. "वाचलो यार," तो म्हणाला.

जानकीबाई देवाला हात जोडत होत्या. "वेळेवर कळलं गो बाय. नाहीतर माझ्याच हातून घात झाला असता." खवलेलं खोबरं त्यांनी डब्यात भरलं. आता नारळाच्या वड्या करू म्हणाल्या.

रुचिरा त्यांच्याकडे बघतच राहिली.

"आई, तू खातेस का गं अजून हे शंख?"

"एकटीसाठी कोण कशाला रांधत बसतंय? तुझी आठवण आली, की तेवढी ओढ्यावर जाते. चार शंख आणते, वाटीभर कालवण करते. तू शेजारी बसून जेवतेस असं वाटतं."

"आणि माझी आठवण कधी येते?"

जानकीबाई लाजल्यासारख्या हसल्या.

"रोजच की गो."