रिकाम्या जागेवरचा पाय

दुसऱ्या गिअरला पुन्हा खर्रर्र झालं आणि दाजीसाहेबांच्या काळजात चर्र झालं. ही जुनी लाल स्पोर्ट्स कार त्यांनी जन्मात कुणाला चालवू दिली नव्हती. तरी क्लच घसरत होता, गिअर अडत होता. “वय झालं तिचं,” म्हणत मेकॅनिक बाबालालनं नजर चुकवली होती.

चढावर दुखणं नीट ऐकायला त्यांनी मुद्दाम गिअर बदलायला उशीर केला. तेवढ्यात शेजारी बसलेल्या बायकोचा डावा पाय, जणू तिथं क्लच असावा तसा, रिकाम्या जागेवर आपसूक दाबला गेला.

त्यांनी करकचून ब्रेक मारला. “कधीपासून चालवतेस?”

“तुम्ही दुपारी घोरायला लागलात तेव्हापासून.”

“शिकवलं कुणी?”

“बाबालालनं. म्हणाला, बाईसाहेब, साहेब क्लचवरून पाय उचलतच नाहीत. तुम्ही उचला.”

“चालवून दाखव!” दाजीसाहेब तरातरा खाली उतरले.

बाई स्टिअरिंगवर बसल्या. दुसरा गिअर अलगद पडला आणि ती फितूर गाडी, हूं की चूं न करता, मालकाला धुळीत ठेवून चढ चढून गेली.